केवळ सुलट टाक्यावर बाळाची शाल

१. प्रश्न आणि त्याचे उत्तर

घरात पाळणा हलण्याची चिन्हे दिसू लागली, म्हणजे विणकामाच्या सुया नुकत्याच हाती घेतलेली कोणतीही व्यक्ती, मग ती होणारी आजी असो, मावशी असो, आत्या असो अथवा अलीकडच्या काळात क्वचित दिसणारा हौशी पिता असो, एकच प्रश्न हमखास विचारते : ‘मला तर फक्त सुलट टाका येतो, एवढ्या भांडवलावर बाळासाठी काही विणता येईल काय?’ या प्रश्नाला जाणत्या मंडळींकडून जे उत्तर मिळते, ते बहुधा टोपड्याचे अथवा मोज्यांचे असते, कारण वस्तू आकाराने लहान तेवढी करण्यास सोपी, असा एक समज आपल्याकडे दृढमूल झालेला आहे. वास्तविक टोपड्याला माथ्याकडे टाके घटवावे लागतात, मोज्याला टाच वळवावी लागते आणि झबल्याला गळा व बाह्या असतात. म्हणजे ज्या कौशल्यांचा नवशिक्याजवळ पूर्ण अभाव असतो, नेमकी तीच कौशल्ये या चिमुकल्या वस्तू मागतात. परिणामी उत्साहाने आरंभलेले टोपडे अर्ध्यावर पिशवीत जाते, आणि विणकाम हा आपला प्रांत नव्हे, असा निष्कर्ष काढला जातो.

बाळंतविड्यातील ज्या एका वस्तूला ना गळा असतो, ना टाच, ना बाह्या, ती म्हणजे चौकोनी शाल. ती आकाराने मोठी असली तरी तिच्या पहिल्या टाक्यात आणि पंचेचाळीस हजाराव्या टाक्यात काडीमात्र फरक नसतो. आणि प्रस्तुत प्रकरणात प्रतिपादन करावयाचे ते हेच की, केवळ सुलट टाक्याने विणलेली शाल ही नवशिक्याने स्वीकारलेली तडजोड नसून, तान्ह्या बाळाच्या दृष्टीने तीच सर्वांत योग्य रचना आहे. नक्षीदार, जाळीदार शाल विणण्याचे सामर्थ्य ज्याच्या अंगी आहे, त्यानेही बाळासाठी साधीच शाल विणावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे, आणि त्याची कारणे पुढे यथाक्रम येतील.

येणाऱ्या जिवासाठी सुयांवर काही विणीत बसण्याची हौस फार जुनी आहे. जर्मनीतील हँबुर्ग येथील कलासंग्रहालयात सुमारे १४०० सालचे, मास्टर बर्ट्राम या चित्रकाराच्या नावावर असलेले एक वेदिचित्र आहे. त्यात मेरी आपल्या बाळासाठी चार सुयांवर बिनशिवणीचा अंगरखा विणताना दाखविलेली आहे. आपल्याकडे सुयांवरचे हे विणकाम घरोघर रुजले ते इंग्रजी अमदानीत. तत्पूर्वी महाराष्ट्रातील बाळांना लाभली ती जुन्या लुगड्यांची मऊ गोधडी आणि दुपटी, आणि त्यांत काही उणे होते असे म्हणण्याचे कारण नाही.

२. साहित्याची तजवीज

लोकर म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे धनगरांची मेंढरे आणि सनगरांच्या मागावरची घोंगडी येते. दख्खनच्या पठारावरील मेंढीची लोकर राकट असते. पावसापाण्यात आणि काट्याकुट्यांत टिकणाऱ्या घोंगडीला ती साजेशीच आहे, परंतु बाळाच्या त्वचेला ती सोसणार नाही. लोकरीचा तंतू साधारणतः ३० मायक्रॉनहून, म्हणजे मिलिमीटरच्या सुमारे तीन शतांशांहून, जाड झाला की तो अंगाला टोचू लागतो. मेरिनो जातीच्या मेंढीचा तंतू याहून पुष्कळ बारीक असतो आणि म्हणून बाळाच्या कपड्यांसाठी तो पसंत केला जातो. लोकरीचा दुसरा गुण असा की, ती आपल्या वजनाच्या सुमारे तीस टक्क्यांपर्यंत बाष्प शोषून घेऊनही हाताला ओलसर लागत नाही.

तथापि बाजारात ‘लोकर’ या नावाने जे गुंडे सर्रास विकले जातात, त्यांपैकी पुष्कळसे लोकरीचे नसून अ‍ॅक्रिलिक या कृत्रिम धाग्याचे असतात, आणि याचा उलगडा गुंड्यावरील कागदी पट्टी वाचल्यावाचून होत नाही. अ‍ॅक्रिलिक स्वस्त असते, वारंवार धुता येते, त्याला कसर लागत नाही. परंतु ते घाम शोषून घेत नाही. नाशिकची किंवा महाबळेश्वरची थंडी असेल तर मेरिनो अथवा मिश्र लोकर घ्यावी. मुंबई, रत्नागिरी, गोवा अशा दमट किनाऱ्यावर बाळ वाढणार असेल तर सुती धाग्याचा विचार अवश्य करावा. केसाळ, फुलारलेला धागा मात्र कितीही मोहक दिसला तरी टाळावा. त्याचे तंतू सुटून बाळाच्या नाकातोंडात जातात, आणि चुकलेला टाका त्यात शोधूनही सापडत नाही.

धाग्याची जाडी मध्यम असावी. जिला दुकानदार ‘डबल निटिंग’ म्हणतात, त्या जाडीचा १०० ग्रॅम धागा साधारणपणे २०० मीटरांच्या आसपास भरतो. रंग एकच आणि फिका निवडावा. पिस्ता, बदामी, फिका पिवळा अशा रंगांवर टाका स्वच्छ दिसतो, आणि काळ्या अथवा गडद निळ्या धाग्यावर दिव्याच्या उजेडात विणणे ही नवशिक्याला शिक्षाच होय. लागणारे सर्व गुंडे एकदमच खरेदी करावेत आणि पट्टीवरील रंगाचा लॉट क्रमांक एकच आहे याची खातरजमा करावी, कारण त्याच रंगाचा पण निराळ्या लॉटचा गुंडा शालीत स्पष्ट पट्टा उमटवितो.

सुयांच्या बाबतीत एक गोष्ट आरंभीच ध्यानात धरावी. आपल्याकडे अद्याप प्रचारात असलेल्या जुन्या ब्रिटिश शिरस्त्यानुसार नंबर जसा वाढतो तशी सुई बारीक होते : ८ नंबरची सुई ४ मिलिमीटर जाड असते, तर १० नंबरची सव्वातीन मिलिमीटर. मध्यम धाग्यास ८ नंबर योग्य. शाल रुंदावल्यावर तिचे दोनशेच्या वर टाके सरळ सुयांवर मावत नाहीत, म्हणून दोन आखूड सुया लवचीक दोरीने जोडलेली, ८० ते १०० सेंटिमीटर लांबीची गोल सुई प्रथमपासूनच वापरावी. तिच्यावर गोल विणण्याची सक्ती नसते. ओळ संपली की कापड फिरवून तिने सरळ सुयांप्रमाणेच विणता येते, आणि शालीचा भार मनगटांवर न येता मांडीवर विसावतो.

३. टाका म्हणजे काय

मागावर विणलेल्या कापडात उभे आणि आडवे असे दोन स्वतंत्र धागे एकमेकांच्या खालून-वरून जातात. सुयांवरील विणकामात धागा एकच असतो, आणि तो स्वतःच्याच फाशांतून स्वतःचे नवे फासे ओढीत पुढे सरकतो. प्रत्येक टाका हा असा एक फासा होय. खालच्या ओळीतील फाशातून तो वर आलेला असतो आणि वरच्या ओळीतील फासा त्याच्यातून गेलेला असतो. फासे ताणले तर लांबट होतात आणि सोडले तर पूर्ववत होतात; विणलेल्या वस्तूंना जी लवचिकता असते तिचे मूळ येथे आहे, आणि एक टाका सुटला की त्याखालचे सर्व टाके संकटात येतात त्याचेही.

सुलट टाक्याच्या चार हालचाली आहेत. धागा कापडाच्या मागच्या बाजूस ठेवून उजव्या सुईचे टोक डाव्या सुईवरील पहिल्या टाक्यात डावीकडून, पुढून मागे, असे घालावे. धागा त्या टोकाभोवती खालून वर आणून गुंडाळावा. गुंडाळलेला धागा जुन्या टाक्यातून पुढच्या बाजूस ओढून घ्यावा. आणि मग जुना टाका डाव्या सुईवरून अलगद सोडून द्यावा. घालणे, गुंडाळणे, ओढणे, सोडणे, एवढाच काय तो मामला. डाव्या सुईवरील सर्व टाके या रीतीने उजव्या सुईवर आले की एक ओळ पुरी झाली. विणणाऱ्या बायका तिलाच ‘एक सुई झाली’ असे म्हणतात. मग सुयांची हातांत अदलाबदल करावी आणि पुन्हा आरंभ करावा.

टाका सुईच्या टोकाच्या निमुळत्या भागावर नव्हे, तर तिच्या पूर्ण जाडीवर तयार व्हावा, ही दक्षता घेतली असता टाके आपोआप एकसारखे येतात. नवशिक्याचे टाके घट्ट होतात ते बहुशः याच गफलतीमुळे; ‘हात घट्ट आहे’ म्हणून स्वभावाला दोष देण्याचे प्रयोजन नाही.

४. सर्व ओळी सुलटच का

टाक्याला दोन मुखे असतात. एका बाजूने पाहिले असता तो दोन तिरप्या रेघा तळाशी मिळाव्यात तसा दिसतो, आणि दुसऱ्या बाजूने पाहिले असता आडव्या, उठावदार गाठीसारखा दिसतो. पहिले सुलट मुख, दुसरे उलट. एक ओळ सुलट आणि एक उलट अशी विणत गेल्यास सर्व सुलट मुखे एकाच बाजूस येतात आणि स्वेटरावर दिसते तसे गुळगुळीत कापड तयार होते. परंतु या कापडाची एक खोड आहे : ते मोकळे सोडताच गुंडाळते. फाशात वाकलेल्या धाग्याला सरळ होण्याची ओढ असते. सर्व फासे एकाच दिशेला वाकलेले असल्यामुळे ही ओढ साचत जाते, आणि कापडाच्या उभ्या कडा मागे, तर वरखालच्या कडा पुढे वळतात. स्वेटरात शिवणी आणि काठ ही ओढ आवरून धरतात. शालीला शिवण नसते, म्हणून गुळगुळीत विणीची शाल काठ बांधल्याखेरीज सपाट राहत नाही.

सर्व ओळी सुलट विणल्यास काय होते पाहा. प्रत्येक ओळीनंतर कापड फिरविले जात असल्यामुळे एका ओळीची सुलट मुखे आपल्याकडे येतात, तर दुसरीची पलीकडे. शेजारशेजारच्या ओळींची ओढ परस्परविरुद्ध असल्याने ती एकमेकींना निकामी करते आणि कापड काठाशिवायही सपाट पडून राहते. दोन्ही बाजूंना सारख्याच आडव्या, उठावदार रेघा येतात, म्हणजे शालीला उलटी बाजू उरतच नाही, आणि रात्री घाईने बाळाला गुंडाळणाऱ्या आईला ती पाहावी लागत नाही. शिवाय ओळी एकमेकींवर दाटीने बसत असल्यामुळे हे कापड जाड व उबदार होते. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांवरील स्त्रिया विणकामातील नाजूक कारागिरीसाठी विख्यात आहेत. त्यांनीही नित्य वापराच्या शालीचा, ज्यास त्या ‘हॅप’ म्हणतात तिचा, मधला चौकोन परंपरेने अशाच सुलट विणीत ठेवला. ज्यांना सर्व काही येत होते त्यांनी अंगाशी यावयाच्या भागासाठी साधी वीण निवडली, हा दाखला नवशिक्याने अवश्य मनात जपावा.

जाळीदार विणीविषयी आक्षेप आहे तो सौंदर्याच्या दृष्टीने नव्हे. तान्ह्या बाळाची बोटे कोणत्याही छिद्रात शिरतात आणि त्यांना ती बाहेर काढता येत नाहीत. सुलट विणीत छिद्र नसते.

५. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत

शाल विणण्याची सर्वपरिचित रीत अशी की, रुंदीइतके दीडशे-पावणेदोनशे टाके घालावयाचे आणि हवी तेवढी लांबी होईपर्यंत विणत जावयाचे. या रीतीत नवशिक्यापुढे सर्वांत मोठी अडचण पहिल्याच दिवशी उभी राहते : एवढे टाके सारख्या ताणाने घालणे हे सुलट टाक्याहून अवघड काम आहे, आणि शाल फार अरुंद झाली की फार रुंद, हे वीतभर विणल्यावाचून कळत नाही. म्हणून येथे दुसरी रीत सुचवावयाची आहे. शालीचा आरंभ एका कोपऱ्यापासून करावा, प्रत्येक ओळीत एक टाका वाढवीत मध्यापर्यंत जावे, आणि तेथून एकेक टाका घटवीत समोरच्या कोपऱ्यावर यावे.

प्रथम सरकती गाठ मारून ती सुईवर घ्यावी. तो पहिला टाका. मग अंगठ्यावर धाग्याचा फास घेऊन तो सुईवर चढवावा आणि ओढून घ्यावा, असे दोनदा करावे. झाले तीन टाके. ते एक ओळ सुलट विणावेत. यानंतर प्रत्येक ओळीचा नियम एकच : पहिला टाका सुलट, दुसऱ्या टाक्यात वाढ, उरलेले सर्व सुलट.

वाढ करणे म्हणजे एकाच टाक्यात दोनदा विणणे. टाका नेहमीप्रमाणे सुलट विणावा, मात्र चौथी हालचाल, म्हणजे सोडणे, तेवढी थांबवावी; जुना टाका डाव्या सुईवरच असताना उजव्या सुईचे टोक त्याच टाक्याच्या मागच्या धाग्यात घालून पुन्हा एकदा गुंडाळावे, ओढावे आणि आता सोडावे. एका टाक्याचे दोन टाके झाले, आणि मध्ये छिद्र पडले नाही. धागा नुसता सुईवर घेऊन टाका वाढविण्याची रीत याहून सोपी आहे खरी, परंतु ती काठाने भोकांची माळ सोडते, सबब ती येथे वर्ज्य केली आहे.

वाढ प्रत्येक ओळीच्या आरंभीच होत असता शाल एकाच बाजूला का वाढत नाही, अशी शंका येणे साहजिक आहे. प्रत्येक ओळीनंतर कापड फिरत असल्यामुळे या ओळीचा आरंभ डाव्या काठावर, तर पुढच्या ओळीचा उजव्या काठावर होतो, आणि दोन्ही काठ आळीपाळीने सारखेच वाढतात.

आता या रीतीतील खरी खुबी. सुलट विणीत दोन ओळी मिळून जेवढी उंची होते, तेवढीच साधारणपणे एका टाक्याची रुंदी असते. म्हणजे दोन ओळी विणल्या असता उंची एका मापाने वाढते आणि त्याच वेळी प्रत्येक काठ बाहेरच्या बाजूस एका मापाने सरकतो. एक माप वर, एक माप बाजूला. काठ बरोबर पंचेचाळीस अंशांनी तिरपा जाणार हे उघड आहे, आणि असे दोन काठ जेथे मिळतात तो कोपरा नव्वद अंशांचा, काटकोनी होतो. मोजपट्टी न लावता, आकृती न काढता, केवळ विणीच्या अंगभूत गुणाने चौरस सिद्ध होतो. गुळगुळीत विणीत टाक्याची उंची आणि रुंदी यांचे प्रमाण निराळे असल्यामुळे तेथे हे साधत नाही. म्हणून सुलट वीण आणि कोपऱ्याची रीत यांची सांगड केवळ सोयीची नसून ती भूमितीने घालून दिलेली आहे.

६. लोकर, टाके आणि दिवस यांचा हिशेब

कोपऱ्यापासून आरंभ केल्याने हिशेब न करताही काम भागते. शाल विणता विणता तिचा तिरपा काठ मोजावा. तो हव्या त्या बाजूइतका, उदाहरणार्थ ७५ सेंटिमीटर, झाला की घट सुरू करावी. किंवा लोकर ठरावीकच असेल तर ती तागडीत घालावी : चौरसाचा कर्ण त्याचे दोन समान भाग करतो, म्हणून निम्मी लोकर संपली की शालीचे निम्मे अंग झाले. ४०० ग्रॅम लोकर असेल तर २१० ग्रॅम शिल्लक असतानाच परत फिरावे. अखेरच्या कोपऱ्यावर धागा अपुरा पडण्यापेक्षा दहा ग्रॅम उरलेले बरे.

तरीही खरेदीपूर्वी अंदाज हवा असेल, तर २५ टाक्यांचा एक नमुना विणावा आणि त्याच्या मधल्या भागात १० सेंटिमीटर रुंदीत किती टाके बसतात ते मोजावे. समजा २० टाके आले. सुलट विणीच्या नियमानुसार १० सेंटिमीटर उंचीत त्याच्या दुप्पट, म्हणजे सुमारे ४० ओळी येतील. १० सेंटिमीटरांच्या चौरसात मग ८०० टाके झाले. ७५ सेंटिमीटर बाजूच्या शालीत असे सव्वाछप्पन्न चौरस बसतात. ८०० गुणिले ५६.२५, एकूण ४५,००० टाके.

हाच हिशेब दुसऱ्या वाटेने पडताळून पाहता येतो. ७५ सेंटिमीटर बाजूच्या चौरसाचा कर्ण १०६ सेंटिमीटर. १० सेंटिमीटरांत २० या दराने सर्वांत रुंद ओळीत २१२ टाके येणार. तीनपासून २१२ पर्यंत एकेक वाढणाऱ्या ओळींची बेरीज, आणि तेथून पुन्हा तीनपर्यंत उतरणाऱ्या ओळींची बेरीज, मिळून पंचेचाळीस हजारांच्या जवळच येते. दोन निराळ्या मार्गांनी एकच आकडा मिळाल्याने हिशेब बिनचूक असल्याची ग्वाही मिळते.

१० सेंटिमीटरांचा नमुनाचौरस वजनात साडेसहा ग्रॅम भरला, तर संपूर्ण शालीस सुमारे ३६५ ग्रॅम लोकर लागेल, म्हणजे १०० ग्रॅमचे चार गुंडे घ्यावेत. आणि वेळ? नवशिक्याचा हात मिनिटाला पंधरा टाक्यांच्या गतीने चालतो असे धरले, तर तीन हजार मिनिटे, म्हणजे पन्नास तास. रोज एक तास दिला तर पन्नास दिवस. सातव्या महिन्यातील डोहाळजेवणानंतर आरंभ केला तरी बारशापर्यंतच्या मुदतीत हे काम निश्चिंतपणे पुरे होते. पहिल्या दिवसांत ओळी इवल्याशा असतात आणि प्रगती डोळ्यांत भरते. मध्यावर एकेका ओळीला पंधरा मिनिटे लागू लागतात आणि शाल जागची हलत नाही असे वाटते. हा भास आहे; त्या काळात वजनाचा काटा पाहावा, म्हणजे धीर येतो.

७. चुका आणि त्यांची दुरुस्ती

टाक्यांची संख्या ओळीगणिक एकानेच वाढली पाहिजे. ती अकस्मात दोनतीनने वाढलेली आढळली, तर पहिला संशय ओळीच्या पहिल्या टाक्यावर घ्यावा. ओळीच्या आरंभी धागा मागे नेताना तो सुईवरून ओढला गेल्यास पहिल्या टाक्याचे दोन्ही पाय वर येतात आणि एकाच टाक्याचे दोन टाके दिसू लागतात. धागा नेहमी सुईच्या खालून मागे न्यावा, म्हणजे ही अडचण उद्भवत नाही.

अर्ध्या ओळीत उठावे लागले, पाहुणे आले, दूध उतू जाऊ लागले, आणि परत आल्यावर कोणत्या दिशेने विणत होतो हे उमगत नाही, असे वारंवार होते. ज्या सुईवरील टाक्याला गुंड्याचा धागा जोडलेला आहे, ती सुई उजव्या हातात धरावी. दिशा आपोआप ठरते.

सुटलेल्या टाक्याचे भय मात्र अवास्तव वाढविले गेले आहे. टाका सुईवरून निसटला की तो एकेक ओळ खाली उतरू लागतो हे खरे. परंतु विहिरीत सुटलेला पोहरा जसा गळ टाकून वर काढता येतो, तसा हा टाकाही क्रोशाच्या सुईने वर आणता येतो. प्रथम त्याला सेफ्टी पिनेत अडकवून पुढील घसरण थांबवावी. मग क्रोशाची सुई त्यात घालून, त्याच्या लगेच वर दिसणारा आडवा मोकळा धागा पकडून त्यातून ओढावा. एक ओळ वर आली. सुलट विणीत एका ओळीला धागा टाक्याच्या मागे असतो, तर दुसरीला पुढे. म्हणून क्रोशाची सुई आळीपाळीने पुढून आणि मागून घालावी, आणि उठावदार रेघा शेजारच्या टाक्यांशी जुळतात की नाही ते पाहत जावे.

चार-पाच ओळी खाली एखादा टाका वाकडा गेल्याचे ध्यानात आले तर शाल उसवावी काय? सुटलेला टाका आणि छिद्र यांची दुरुस्ती केलीच पाहिजे, कारण त्यांनी कापड कमजोर होते. पण एखादा टाका किंचित सैल, एखादी रेघ जराशी वर, एवढ्यासाठी उसवू नये. धुतल्यानंतर धागा स्थिरावतो आणि असे बारीक फरक बहुतांशी लोपतात.

८. घट, अखेर आणि धुणे

मध्यावर आल्यावर नियम बदलतो : पहिला टाका सुलट, पुढचे दोन टाके एकत्र सुलट, उरलेले सर्व सुलट. दोन टाके एकत्र विणणे म्हणजे उजवी सुई एकाच वेळी दोन्ही टाक्यांत घालून त्यांतून एकच टाका काढणे. तीन टाके उरले की ते बंद करावेत : दोन विणून पहिला दुसऱ्यावरून उचलून टाकावा, तिसरा विणून पुन्हा तसेच करावे, आणि धागा कापून अखेरच्या फाशातून ओढून घ्यावा.

नवा गुंडा जोडावयाचा तो नेहमी ओळीच्या आरंभी जोडावा, आणि जुन्या-नव्या धाग्यांची पंधरा सेंटिमीटर शेपटे सोडावीत. गाठ मारू नये; ती बाळाच्या अंगाला रुतते. शेपटे बोथट टोकाच्या जाड सुईने उठावदार रेघांमधून एकदा एका दिशेने आणि मग परत उलट दिशेने ओवून घ्यावीत. हे काम कंटाळवाणे असले तरी यात कसूर करू नये. सुटलेला धागा बाळाच्या बोटाभोवती गुंडाळला गेला तर तो रक्तप्रवाह अडवू शकतो, आणि बाळ का रडते याचा उलगडा घरच्यांना लवकर होत नाही. गोंडे, झालर, मणी, बटणे यांना बाळाच्या शालीवर स्थान नाही, ते याच कारणास्तव.

विणून झालेली शाल प्रथम धुवावी, कारण पन्नास दिवस ती अनेक हातांतून गेलेली असते. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. ऊन पाणी, साबण आणि चोळणे यांच्या संयोगाने ते एकमेकांत गुंततात आणि कापड आटून कायमचे घट्ट होते. म्हणून कोमट पाण्यात, रिठ्याच्या अथवा सौम्य साबणाच्या द्रावणात शाल बुडवून हळुवार दाबावी, त्याच उष्णतेच्या पाण्यात खळबळावी, पिळू नये. टॉवेलात गुंडाळून पाणी काढावे आणि सावलीत सपाट पसरून, हाताने चारही कोपरे जुळवून वाळू द्यावी. दोरीवर टांगलेली ओली शाल स्वतःच्या भाराने लांबते. अ‍ॅक्रिलिकच्या शालीस इस्त्री लावू नये. ती उष्णतेने निर्जीव होते आणि पुन्हा पूर्ववत होत नाही.

९. वापर आणि जतन

शाल कशी वापरावी, याविषयी घरातील वडीलधाऱ्यांशी मतभेद झाला तरी स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीचा सल्ला असा की, तान्ह्या बाळाच्या झोपण्याच्या जागी सैल पांघरूण, उशी अथवा मऊ गिरद्या असू नयेत. तोंडावर आलेले पांघरूण त्याला दूर सारता येत नाही आणि श्वास कोंडण्याची जोखीम राहते. हा दंडक साधारणपणे पहिले वर्षभर पाळावयाचा असतो. तोवर ही शाल बाळ जागे असताना, कोणाच्या तरी नजरेखाली वापरावी : कडेवर घेताना पाठीवर, दवाखान्यात नेताना अंगाभोवती, दुपारी जमिनीवर पालथे खेळताना अंगाखाली. वर्ष उलटल्यावर तीच शाल अंथरुणात पांघरूण म्हणून रुजू होते, आणि ७५ सेंटिमीटर बाजूची शाल त्या वयाला पुरतेही.

शेवटची बाब कपाटाची. लोकरीचे कपडे डांबरगोळ्यांत ठेवण्याचा आपल्याकडे जुना रिवाज आहे. या गोळ्या नॅफ्थॅलीनच्या असतात, आणि ज्या बाळांमध्ये जी-६-पी-डी नावाच्या एन्झाइमची जन्मजात कमतरता असते, त्यांच्या तांबड्या रक्तपेशी नॅफ्थॅलीनच्या वाफेने फुटतात व तीव्र कावीळ होऊ शकते. ही कमतरता आपल्या देशात दुर्मीळ नाही, आणि ती आहे की नाही हे तपासणीवाचून कळत नाही. यास्तव बाळाची शाल डांबरगोळ्यांजवळ ठेवूच नये, आणि थोरल्या भावंडाची म्हणून ट्रंकेतून काढलेली, गोळ्यांचा वास मुरलेली शाल नवजात बाळाच्या अंगावर घालू नये. कसर लागते ती मळलेल्या लोकरीला अधिक. तेव्हा शाल धुऊन, पूर्ण वाळवून, घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत ठेवावी, महिन्या-दोन महिन्यांनी उन्हात झटकावी, आणि उरलेला दहावीस ग्रॅम धागा कागदी पट्टीसह त्याच पिशवीत टाकावा, म्हणजे पुढे एखादा टाका तुटला तर दुरुस्तीस त्याच रंगाचा धागा हाताशी राहील.